बारीचा पैसा

पैसा बोलतो, असं लोक सर्रास म्हणतात. साफ खोटं आहे. मी पैसाच आहे, एलिचपूरच्या टांकसाळीतला तांब्याचा जाड पैसा, आणि पाडला गेलो त्या दिवसापासून एक शब्द बोललेलो नाही. आज बोलतोय, कारण आता गप्प बसवत नाही. ऐकून घ्या, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. आज ज्याला अचलपूर म्हणतात तिथे एका घामेजल्या माणसानं तांब्याचा तुकडा ठशाखाली ठेवला आणि वरून घण घातला. ठसा मोठा, मी लहान. म्हणून फारसी अक्षरं माझ्या अंगावर अर्धीच उमटली, बाकीची ठशावरच राहून गेली. पुढे मी मीठ आणलं, विड्याची पानं आणली, एका लेकराच्या करगोट्यात लोंबकळलो, आणि मग कुणाला नको झालो. परतवाड्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या टोपलीत, नटबोल्टांच्या खाली मी कितीतरी वर्षं पडून होतो.

तिथे एक दिवस दोन हात एकदमच माझ्यावर पडले.

एक हात अमरावतीच्या नत्थुजींचा. एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, नखांत अजून ऑइल. दुसरा अकोल्याच्या अब्दुल सत्तारभाईंचा. ते शिंपी, मधल्या बोटाला सुईची भोकं आणि अंगाला खसाच्या अत्तराचा वास. दोघांनाही जुन्या नाण्यांचं वेड, आणि दोघंही एका पैशासाठी असे भांडले की भंगारवाल्यानं टोपली उचलून मागे घेतली. शेवटी भज्यांच्या गाडीवर तह झाला. पैसा दोघांचा. एक महिना अमरावतीला, एक महिना अकोल्याला. महिन्याच्या पहिल्या रविवारी बडनेरा स्टेशनवर, नळाजवळच्या बाकावर भेटायचं आणि मला एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं. याला ते 'बारी', म्हणजे पाळी, म्हणत. या महिन्यात कोणाची बारी, एवढ्या एका प्रश्नावर त्यांची दोस्ती उभी राहिली आणि वाढली.

आता नाण्यांचा नाद करणारी माणसं म्हातारी झाली की काय होतं, ते माझ्याकडून ऐका. चोर नेईल म्हणून नाणं अशा जागी लपवतात की मग स्वतःलाच सापडत नाही. या दोघांच्या ओळखीचे एक सहदेवराव होते. त्यांनी आपला सगळ्यात जपलेला रुपया गव्हाच्या कोठीत लपवला आणि गव्हाबरोबर चक्कीवर धाडला. चक्कीवाल्यानं परत आणून दिला तर म्हणाले, हा माझा नाहीच, माझा तर घरी कोठीत आहे!

नत्थुजींनी मला एकदा चष्म्याच्या घरात ठेवलं आणि चष्मा फ्रीजमध्ये. सत्तारभाई तर त्यांच्याही वरचढ. त्यांनी एका रविवारी मोठ्या दिमाखात माझ्याऐवजी शिलाई मशीनची बॉबिन नत्थुजींच्या हातावर ठेवली. नत्थुजींनी ती मखमलीच्या डबीत ठेवून महिनाभर पाहुण्यांना दाखवली. "अक्षरं झिजली आहेत," असं सांगायचे. मी तिकडे अकोल्यात बटणांच्या डब्यात पडून कपाळाला हात लावला असता, हात असता तर.

तेव्हापासून नियम झाला. घेणाऱ्यानं डोळे मिटून मला तळहातावर तोलायचं आणि वजन ओळखून "बरोबर" म्हणायचं. तोवर देणाऱ्यानं उठायचं नाही.

नत्थुजींच्या बायकोला, कौशल्याबाईंना, या सगळ्याचा भारी वैताग. बाई तोंडावर बोलणारी, मनात काही ठेवणारी नाही. एका दिवाळीत त्यांनी तांब्याच्या घागरीबरोबर मलाही चिंच-मीठ लावून घासघास घासलं. जुन्या नाण्याच्या अंगावरचा काळा थर म्हणजे त्याची इज्जत. ती काढली की ते उघडं पडतं. माझी एक बाजू नव्या भांड्यासारखी लखलखली. नत्थुजी दोन दिवस जेवले नाहीत. सत्तारभाईंना कळलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे रे. भाभीनं पैसा धुतला, तुले थोडंच धुतलं?" पण वर्षं गेली तरी माझी ती बाजू पुन्हा काळी म्हणून झाली नाही. हे लक्षात ठेवा.

मग पौषात सत्तारभाई गेले.

त्यांच्या सुनेचा, नगमाचा, सकाळीच फोन आला. नत्थुजी अकोल्याला गेले, खांदा दिला, मूठभर काळी माती टाकली. मी त्यांच्या खिशात होतो. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, भाकर खाल्ली, झोपले. आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "सत्तारचा फोन नाई आला आज."

कौशल्याबाईंनी सांगितलं, अवो, ते गेले ना. नत्थुजी ढसाढसा रडले, जणू पहिल्यांदाच ऐकलं. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं, पुन्हा रडले. तिसऱ्या वेळेला बाई गप्प राहिल्या. एकाच माणसाच्या मरणाची बातमी आपल्या नवऱ्याला किती वेळा द्यायची, असं त्या प्राजक्ताला फोनवर म्हणाल्या. प्राजक्ता म्हणजे त्यांची मुलगी, नागपूरला असते.

पहिला रविवार आला. नत्थुजी धुतलेला शर्ट घालून बडनेऱ्याला गेले आणि बाकावर बसले. भर दुपार, डोक्यावर ऊन, नळाशी एक कुत्रं पाणी पीत होतं. ते कुत्रं एकाएकी पाणी सोडून मागे सरकलं. खसाच्या अत्तराचा वास आला. सत्तारभाई येऊन शेजारी बसले.

यात काय झालं होतं ते मला तेव्हाच कळलं, आणि माझ्या तांब्याला काटा आला. सत्तारभाई जन्मभर सगळं विसरायचे. चष्मा, छत्री, गिऱ्हाइकाचं माप. तसेच ते मेल्याचंही विसरले होते. आणि ज्यांनी आठवण करून द्यायची ते नत्थुजीही विसरले होते. मग न यायला त्यांना कारण तरी काय?

नत्थुजींनी मला त्यांच्या हातावर ठेवलं. मी आजवर हजारो तळहात पाहिले, पण तळहातात अजिबात ऊब नाही असा तो पहिला. सत्तारभाईंनी डोळे मिटून मला तोललं. "बरोबर," म्हणाले.

तो महिना मी कुठे होतो, ते थोडक्यात सांगतो. अंधार होता. ओली काळी माती होती. कधीमधी वर कुणाची तरी पावलं वाजायची, बायकी आवाजात कुणीतरी दुवा मागायचं आणि निघून जायचं. सत्तारभाई माझ्याशेजारी अगदी निवांत असायचे. मला मात्र त्यांच्या बटणांच्या डब्याची आठवण यायची.

पुढच्या बारीच्या रविवारी मी नत्थुजींकडे परत आलो. पण त्यांचा हात मला ओळखू येईना. तळव्याच्या मधोमध, जिथे सत्तारभाईंची बोटं टेकली होती, तिथे गारवा बसला होता. उन्हाळा तापायला लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, डांबर वितळतं. आणि नत्थुजी कूलर बंद करून दुलई मागत होते.

कौशल्याबाईंनी त्यांच्या शर्टाचा खिसा तपासला आणि मी हाती लागलो. त्यांनी मला खिडकीशी नेलं. त्यांनीच घासून चमकवलेली माझी बाजू काळीठिक्कर होती आणि अर्ध्या अक्षरांत माती भरली होती. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, माती नावाला नाही. बाईंनी मला नाकाशी धरलं. खस. त्यांनी मला परत त्याच खिशात ठेवलं.

 पुढच्या बारीच्या रविवारी नत्थुजींनी पिशवीत दोन धोतरं आणि दाढीचं सामान भरलं. कुठं चालले, असं विचारलं तर म्हणाले, अकोल्याले, सत्तारनं मुक्कामाले बोलावलं. बाईंनी पायात चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि दुसऱ्या ऑटोनं त्यांच्या मागे निघाल्या.

सत्तारभाई आधीच बाकावर बसले होते. मोठ्या खुशीत होते. "नत्थू," ते म्हणाले, "मुक्कामाले येतच हायेस तं आता तिथंच राय. दोघं एका जागी रायलो का बारीचा झगडाच मिटला. पैसा आपल्या दोघायजवळ." नत्थुजींना ते इतकं पटलं की आजवर हे आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून ते हसायला लागले. तिकडून गाडी येताना दिसत होती. मी मुठीत होतो. जाऊ नका हो, असं ओरडावंसं वाटलं. पैशाच्या जातीला तोंड नाही.

नत्थुजींनी मूठ उघडली. मी त्यांच्या हातातून सुटलो आणि सत्तारभाईंच्या हातावर टेकलो. खांबामागे उभ्या कौशल्याबाईंना सत्तारभाई दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. त्यांना फक्त एवढं दिसलं की पैसा सुटला आणि खाली पडला नाही. बाकावर, वीतभर उंचीवर, तो हवेतच थांबला.

दुसरी कुणी असती तर किंचाळत पळाली असती. या पुढे आल्या. पदर नीट केला आणि माझ्याकडे बघत, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलल्या.

"सत्तारभाऊ, तुमी पौषात गेले. माह्या घरच्या मानसानं तुमाले खांदा देला. तुमी विसरले का?"

गाडी येऊन उभी राहिली. लोक चढले, उतरले. सत्तारभाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग सावलीकडे. सावली नव्हतीच.

"हाव की," ते हळूच म्हणाले. "ध्यानातच नाई रायलं." मग नत्थुजींना म्हणाले, भाभीले विचार, कुलसुम कशी आहे. नत्थुजींनी विचारलं. कुलसुमबी सत्तारभाईंची बायको. बाई म्हणाल्या, बऱ्या आहेत, नगमा करते त्यायचं, दर शुक्रवारी तुमच्याजवळ येऊन जातात.

सत्तारभाईंनी मान हलवली. त्यांनी मला नत्थुजींच्या हातावर परत ठेवलं, आणि नियमाप्रमाणे थांबले. नत्थुजींनी डोळे मिटले, मला तोललं. त्यांना आता सगळं आठवलं होतं. "बरोबर," म्हणाले. डोळे उघडले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं आणि कुत्रं परत नळाशी आलं होतं.

त्यानंतर बडनेऱ्याला जाणं बंद झालं. नत्थुजी अधूनमधून विचारायचे, या महिन्यात कोणाची बारी? बाई म्हणायच्या, तुमचीच, सत्तारभाऊंनं कायमची देली. नत्थुजींचा हातही हळूहळू ऊबदार झाला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

भाद्रपदात नत्थुजी गेले. दुपारचे खुर्चीत बसले होते, छातीवर पेपर होता, तसेच गेले. कौशल्याबाईंनी सगळं रीतसर केलं. तेरवी झाली, पाहुणे परतले, प्राजक्ताही नागपूरला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची कुरकुरली.

"चा मांड ना वं," नत्थुजी म्हणाले. "आणि या महिन्यात कोणाची बारी हाये?"

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सत्तारभाऊ नव्हते त्यांना दिसले, पण आपला माणूस दिसत होता. मी त्यांच्या पदराच्या गाठीत होतो. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं. ते वाक्य त्यांनी एकदा बडनेऱ्याला, भरल्या फलाटावर, न घाबरता म्हटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. 

"तुमचीच," त्या म्हणाल्या, आणि दोन कप चहा ठेवला.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. सकाळी त्या नत्थुजींच्या फोटोला हार घालतात. दुपार व्हायच्या आत हार काढून फोटो गादीखाली सरकवतात, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. मग पदराची गाठ सोडून मला त्यांच्या हातावर ठेवतात. ते डोळे मिटतात, तोलतात, "बरोबर" म्हणतात, आणि ही बाई, जिनं मला चिंचेनं घासलं होतं, ती गालातल्या गालात हसते. संध्याकाळी खुर्ची रिकामी होते. त्या मला परत गाठीत बांधतात. त्यांची बोटं आता गार लागतात. परवा त्यांनी कपाटातून स्वेटर काढला. अजून पावसाळाही सरला नाही.

याचा शेवट काय, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही. त्या काहीच विसरलेल्या नाहीत.

दिवाळीला प्राजक्ता येणार आहे. पोरगी आईवर गेली आहे, दिसेल ते तोंडावर बोलेल. नाण्यांचे नाद असलेले म्हातारेही अधूनमधून येतात, संग्रह विकता का विचारायला. तुमच्यापैकी कुणी दुपारचं त्या घरी गेलंच, तर तिसरा कप मागून घ्या, खुशाल बसा. मला हातात घेऊन बघा, माती अजून अक्षरांत आहे. नत्थुजी तुम्हाला बॉबिनची गोष्ट सांगतील, पोटभर हसा. फक्त त्यांना ते एक वाक्य सांगू नका. ज्या बाईनं सांगायचं तिलाच ते सांगवत नाही. तुम्ही कोण लागून गेलात?