वरच्या मजल्याचा अग्रलेख

दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या आमच्या शाळेचं एक पत्र निघतं. महिन्याला आठ पानं, हिंदीत. मी निवृत्त झालो तरी त्यातल्या अग्रलेखाच्या पानावर माझी सही लागते. त्याशिवाय छापखाना ते पान घेत नाही. या वर्षी अग्रलेख लिहिते अकरावीतली कस्तुरी. घरात मराठी, म्हणून माझ्याशीही मराठीतच बोलते. बनारसची मराठी, पण मराठी. तिचं लिखाणही इथे मराठीतच देतो.

अग्रलेख मी मुलांना संथा द्यावी तसा शिकवतो. मी वाक्य म्हणायचं, त्यांनी म्हणायचं, मग त्यांनी स्वतःचं लिहून मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळली की समजावं, वाक्यात काहीतरी खोटं आहे. बाकीचे नियम थोडे आहेत. तक्रार एकच असावी. ज्याच्या हातात ती दूर करणं आहे त्याचं नाव असावं. आणि छापण्याआधी त्याच्याकडे जाऊन त्याचं उत्तर घ्यावं.

मार्गशीर्षातली दुपार होती. पान चार वाजेपर्यंत पाठवायचं होतं. कस्तुरीने वही उघडली आणि वाचलं, "आजकाल शाळांमध्ये स्वच्छतेचा प्रश्न गंभीर होत चालला आहे."

"आजकाल म्हणजे कधीपासून?"

"पितृपक्षापासून."

"आणि शाळांमध्ये म्हणजे कुठल्या शाळांमध्ये?"

"आपल्याच, गुरुजी. दुसरीकडचं मला काय माहीत?"

"मग तेच लिही ना, बाळा."

तिने खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. मी घाई केली नाही. तिसऱ्या खेपेला तिने वाचलं, "आमच्या वर्गातल्या एकोणीस मुलींपैकी चौदा मुली पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत नेतात."

पुढचं तिने सरळ लिहिलं होतं. वरच्या मजल्यावरची मुलींची तीन स्वच्छतागृहं पितृपक्षापासून कुलूपबंद आहेत, कारण तो मजला श्राद्धाला येणाऱ्या बाहेरगावच्या यजमानांना उतरायला दिला आहे. खाली एकच उरलं आहे, दीडशे मुलींना. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वर्गातली मालविका परीक्षेत चक्कर येऊन पडली ती त्यामुळेच.

"शाबास," मी म्हणालो. "आता नाव. हे कोणाच्या हातात आहे?"

तिने आधीचीच ओळ पेनाने गिरवली.

"ऑफिसात विचारलंस का?"

"विचारलं. मजला दिल्याचा कागद दाखवला त्यांनी. खाली तीन सह्या आहेत."

"मग लिही."

"पहिली तुमची आहे, गुरुजी."

होती. शाळेच्या समितीत आम्ही तिघं आहोत. भाद्रपदात कस्तुरीचे वडील बिंदुमाधव माझ्याकडे आले होते. ते पौरोहित्य करतात. श्राद्धाला नाशिकहून, सोलापूरहून यजमान येतात, त्यांना उतरवायला घरात जागा पुरत नाही. "पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, दादा," ते म्हणाले होते. बिंदुमाधवांच्या वडिलांनी, नानांनी, मला ब्रह्मा घाटावर आठ वर्षं वेद शिकवला, फुकट, त्यांच्याच घरी जेवू घालून. बिंदुमाधव माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मी त्यांना अहो-जाहो करतो. गुरूंचा मुलगा. कागद न वाचताच मी सही केली. पंधरा दिवस सरले, मग कार्तिकाचे यजमान आले, मग त्यानंतरचे. रोज सकाळी वरचं कुलूप मला दिसत होतं आणि मी जिना टाळून चालत होतो.

"असं कर," मी कस्तुरीला म्हणालो, "तिथे 'व्यवस्थापन' लिही. सह्या तीन आहेत, एकाचंच नाव कशाला?"

"जी," ती म्हणाली आणि लिहिलं.

"वाच."

तिने वाचलं. जीभ कुठेही अडखळली नाही. खोट्यावर जीभ अडखळते असं इतकी वर्षं मुलांना सांगत आलो, आणि ते वाक्य तेल लावल्यासारखं गुळगुळीत निघालं.

"पटलं तुला?"

"तुम्ही सांगितलं म्हणजे बरोबरच असणार."

"अगं, मग वाद घाल ना माझ्याशी!"

"तुमच्याशी कसा घालू?" तिला खरंच प्रश्न पडला होता. "कसं दिसेल ते?"

भाद्रपदात मीही अगदी असाच बसलो होतो, पेन हातात घेऊन. मी उठलो. खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर पलीकडच्या घराची भिंत. आमच्या गल्लीत खिडक्यांचा तेवढाच उपयोग.

मी तिच्या हातातून पेन घेतलं, 'व्यवस्थापन' खोडलं आणि त्याजागी माझं नाव लिहिलं. उल्हास. पुढे आडनाव.

मला वाटलं ती खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"मग बाबांचं पण लिहावं लागेल," ती म्हणाली. "चाबी त्यांच्याजवळ असते."

"हे आधी का नाही लिहिलंस?"

"वाटलं, तुमच्या नावावरच भागेल."

"म्हणजे मला सुळावर चढवून बाबांना वाचवत होतीस?"

"थोडंसं," ती म्हणाली आणि हसू दाबलं. मग तिचं हसू गेलं. "मुलींना वाटतं मी गप्प बसते, कारण यजमान माझ्याच घरचे आहेत. आणि घरी काही बोलले तर आई म्हणते, त्यांच्यावरच आपली चूल पेटते. गुरुजी, माझी पण बाटली भरलेलीच राहते. आईला दिसू नये म्हणून गल्लीत ओतून टाकते."

तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं.

"तुमचं उत्तर द्या. नियम आहे."

"लिही. समितीने सर्वानुमते—"

तिने लिहून घेतलं. "हे समितीचं झालं. तुमचं?"

"यजमानांची गैरसोय होऊ नये या हेतूने—"

तेही लिहून घेतलं. "जागा एकाच वाक्याची आहे."

एवढा संयम मी कधी कोणाला शिकवला, आठवेना. "गुरूंच्या मुलाला नाही म्हणणं मला जमलं नाही," मी म्हणालो.

तिने ते जसंच्या तसं उतरवलं. मग टोपण लावलं. "आता मी घरी कशी जाऊ?"

तीन वाजत आले होते. मी चपला घातल्या. गल्लीत दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही, म्हणून मी पुढे झालो आणि ती मागे.

बिंदुमाधव ओसरीवर बसून बोटात घालायची दर्भाची पवित्रकं वळत होते. "या दादा! कस्तुरी, पाणी आण."

"पाणी नंतर," मी उभ्यानेच म्हणालो. "मुलीने लिहिलंय, ते आधी ऐका."

तिने वाचलं. बाटल्यांपाशी ती थांबली नाही. वडिलांच्या नावापाशीही नाही. बिंदुमाधवांचे हात थांबले होते.

"वरच्या मजल्यावर सात माणसं उतरली आहेत," ते मला म्हणाले, तिला नाही. "म्हातारी बाई आहे त्यांच्यात. रविवारी तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध. तिला काय घाटावर झोपवू? आणि सही तर तुमची आहे."

"माझीच आहे. ती मी मागे घेतोय, समितीला तसं पत्र देतो."

"नानांच्या माघारी तुम्ही आम्हाला असं कराल, वाटलं नव्हतं."

मी मान खाली घातली. ते खरंच होतं. नाना असते तर मी आलोच नसतो.

कस्तुरी वही घेऊन जमिनीवर बसली. "बाबा, म्हातारीचं तुमचं उत्तर म्हणून लिहू?"

त्यांनी हातातला दर्भ खाली ठेवला. "लिही."

मी हात पुढे केला. किल्ली त्यांच्या जानव्यालाच बांधलेली होती. ती त्यांनी मुठीत धरली.

"रविवारपर्यंत नाही, दादा."

कस्तुरीने तेही लिहून घेतलं. मग वही माझ्यासमोर धरली आणि सहीची जागा बोटाने दाखवली.