गिऱ्हाइकाचं माप

उरलेल्या झेंड्याच्या नेफ्यात तीन बोटं सहज जात होती. बांबूच्या कामटीला एका बोटाची जागा पुरते... पण पक्षाचे वॉर्डप्रमुख नरसिंहमूर्ती हसत हसत म्हणाले होते, "राव, या खेपेला नेफा रुंद ठेवा," आणि जगन्नाथरावांनी कारण विचारलं नव्हतं. विचारायचं काय? कुदळीचा दांडा बसेल एवढं माप. दांड्याला पोलीस अडवतात, झेंड्याला अडवत नाहीत — वा! त्यांनी मनातल्या मनात दादही देऊन टाकली होती.

मंडी मोहल्ल्यात निवडणूक वाचावी ती जगन्नाथरावांनीच. दोन्ही पक्षांच्या सभा ऐकायच्या, दोघांचेही झेंडे शिवायचे, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून निकाल द्यायचा — सगळं नाटक हो, सभा संपली की एकाच ताटात जेवतात. आजोबा महाराजांच्या रिसाल्यात घोड्यावर होते. नातू शिलाई मशीनवर, पण जगाकडे उंचावरून बघायची खोड तीच. दांडे? नुसता धाक. मारलं की मतं जातात, एवढं मूर्तींना कळतं.

दुपारी धाकटा भाऊ दत्तोजी आला होता. समोरच्या पक्षाच्या जीपवरून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"अण्णा, मूर्तीचे झेंडे तुम्हीच शिवलेत, अल्लवा, हो ना? संध्याकाळी चौकात गाठ पडणार आमची. काय बेत आहे त्यांचा?"

"एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नसतं, दत्तू."

"माप कोण विचारतंय? तुम्ही तर शिंप्यातले वकीलच झालात!"

"सुम्ने, उगाच नाटक रे सगळं. जा तू."

जा तू... असं म्हणालो मी. चहासुद्धा पाजला.

आता संध्याकाळी चौकातून आवाज आला — ओला, जड. जगन्नाथराव झेंडा टाकून पायरीवर आले. मूर्तींच्या मिरवणुकीची पुढची रांग हात जोडून घोषणा देत होती, फोटोवाल्याकडे बघून हसत होती. मागच्या रांगेनं कापड वर सरकवलं आणि दांडे उतरू लागले — पाठीवर, मनगटावर, पडलेल्याच्या तोंडावर. पुढं फोटो, मागं मार... काय आखणी! डोकं अजून गुण देतच होतं, तेवढ्यात लोळणाऱ्या एका माणसाचा सदरा दिसला, काखेत जोड दिलेला, आपणच दिलेला — दांडा पुन्हा वर गेला, त्याच्यावरचं कापड फडफडलं. शिवण कुठं उसवली नव्हती.

दोघांनी दत्तोजीला उचलून दुकानात आणलं, कापडाच्या गठ्ठ्यावर टेकवलं. अर्धा कान लोंबत होता. त्यानं दाताचा तुकडा थुंकला.

"तुम्हाला माहीत होतं, अण्णा."

"अरे, त्यांचा अंदाज असा असावा, की..." आणि जगन्नाथरावांना आपलाच आवाज लाउडस्पीकरमधून आल्यासारखा ऐकू आला. 

दत्तोजीनं त्यांचं मनगट धरलं. "परवा मिरवणूक आमची. आम्हालाही तसलेच शिवा. मूर्तीचं डोकं मी फोडणार."

"अय्यो, गप पड आधी. डॉक्टर येतोय."

"शिवणार का नाही?"

नाही म्हणायला कारणं होती — पोलीस, मतं, दत्तूची बायको — एकेक नीट घडी घातलेलं. पण त्या घड्यांखालून मूर्तींचं हसरं तोंड वर येत होतं, त्यावर दांडा उतरत होता, नाक आत जात होतं, दांडा पुन्हा उचलला जात होता... जगन्नाथराव भावाच्या कानाला फडकं दाबून धरून हे पाहत उभे होते, आणि ते थांबावं असं त्यांना वाटत नव्हतं.