साठ ठिपके, साठ ओळी

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर गुणमालाकाकी उंब्रज सोडून जतला गेल्या आणि आमचं रांगोळी मंडळ पोरकं झालं. त्यांचे यजमान वर्धमानकाका बँकेत होते, त्यांची बदली झाली. मंडळ म्हणजे आम्ही चौघीच: काकी, रंगुबाई, माझ्या सासूबाई बनाबाई आणि मी. दर रविवारी दुपारी चारला रंगुबाईंच्या अंगणात जमायचं आणि काकी सांगतील ती रांगोळी काढायची. एकदा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हौसेनं कडेला एक जास्तीचा पोपट काढला. काकींनी तो पदरानं पुसून टाकला. "बनाबाई, मंडळाला शिस्त असते," एवढंच म्हणाल्या.

जतला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. 'रंगुबाईंच्या घरी फोन आहे. मी इथून सांगेन, तुम्ही तिथं काढा. मंडळ बंद पडता कामा नये.'

रंगुबाईंचे मालक आप्पासो टेम्पोच्या धंद्यातले. त्यांनी नवीनच फोन घेतला होता. त्याचं एक बटण दाबलं की पलीकडचा आवाज सगळ्या घराला ऐकू यायचा. रविवारी आम्ही तो खिडकीत ठेवला. बरोबर चारला घंटी वाजली, तशा तिघी उठून उभ्या राहिलो. आत्यांनी डोक्यावरून पदर घेतला. रंगुबाई फोनला म्हणाल्या, "या, बसा की वैनी."

"आज मोठी काढायची," काकींचा आवाज खरखरत आला. "दोन ठिपक्यांत वीतभर अंतर सोडा."

"आणि ठिपके किती, काकी?" मी ओरडून विचारलं.

खर्रर्र झालं. मग ऐकू आलं, "साठ ठिपके, साठ ओळी. अर्ध्या तासानं परत करते." फोन बंद.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, "साठ? एकदा परत विचारूया का?"

"तू इचार," आत्या म्हणाल्या. "मी न्हाई बोलनी खात."

"आता लांब गेल्यात तवा मोठंच कायतरी सांगत असतील," रंगुबाई म्हणाल्या आणि कंबर कसून खाली बसल्या.

अंगण पंचविसाव्या ठिपक्याला संपलं. आम्ही फाटक उघडलं. छत्तिसाव्याला गल्ली ओलांडली, आणि साठावा ठिपका समोरच्या बाळासोंच्या गोठ्यात पडला. रांगोळी तर सहाव्या ओळीतच संपली होती. रंगुबाईंनी घर रंगवून उरलेली चुन्याची फक्की बाहेर काढली. शेजारणी विचारायला आल्या आणि विचारता विचारता खाली बसल्या.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला आकाराम ऊस भरलेली ट्रॉली घेऊन गल्लीत शिरला.

"आवं मावशी, गाडी कुठनं काढू?"

"काडू नगं," आत्यांनी मानही वर केली नाही. "अजून चाळीस ओळी ऱ्हायल्यात."

"कशाच्या?"

"मंडळाच्या."

आकारामानं थोडा वेळ हॉर्न वाजवला. मग खाली उतरला, बघत राहिला, आणि म्हणाला, "तुमची ती ओळ वाकडी चाललीय." "मग तूच घाल सरळ," असं म्हणून रंगुबाईंनी त्याच्या हातात चुन्याची वाटी दिली.

अर्ध्या तासानं फोन वाजला. मी धावत आत गेले. "झाले का ठिपके?" काकींनी विचारलं. "चाललंय," मी म्हटलं. "अजून? हात चालवा की जरा!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पाच वाजून गेले होते. काकी तापल्या होत्या. "काय करताय काय तिथं? मी एकटीनं काढून पूर्ण केली! एकूण एकोणपन्नास ठिपक्यांना एवढा वेळ?"

सात साता एकोणपन्नास. हा पाढा मी शाळेत रोज मुलांकडून घोकून घेत होते.

"काकी," मी हळूच म्हटलं, "आम्ही साठ घातलेत. साठ ओळी. बाळासोंच्या गोठ्यापर्यंत गेलोय. निम्मी गल्ली बसलीय."

आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"साठ ठिपक्यांची मला येत नाही, माया," काकी म्हणाल्या. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कुणाला येते का विचार. तुमची तुम्हीच काढा."

मी बाहेर येऊन निरोप सांगितला. मग आत्यांनी चिमूट भरली. त्यांनी विहीर काढली, विहिरीवर मोटर काढली, पाटाचं पाणी गल्लीभर फिरवलं. रंगुबाईंनी आप्पासोंचा टेम्पो काढला, त्यात आप्पासोंना बसवलं आणि त्यांचं पोट बघून स्वतःच हसत सुटल्या. आकारामानं फक्त ऊस काढला, पण दहा ओळी भरून काढला. दिवेलागणीला त्याची ट्रॉली उलटी मागं घ्यावी लागली, कारण कुणीच पुसू देईना.

रात्री काकींनी पुन्हा फोन केला, तेव्हा काय काय काढलं ते मी थोडक्यात सांगितलं. बुधवारी त्यांचं पत्र आलं. त्यांनी सगळं विचारलं होतं. मोटर कुठल्या बाजूला, पाणी कुठून कुठं गेलं, आप्पासोंनी टोपी घातली होती का. आणि शेवटी लिहिलं होतं: 'इथं माझी रांगोळी बघायला कुणी येत नाही. येत्या रविवारी बनाबाईंनी सांगावं, मी काढीन.'

रविवारी चारला फोन वाजला. घरात कुणाला तोंड उघडू न देणाऱ्या आमच्या आत्या फोनसमोर बसल्या आणि मुक्या झाल्या. पदरानं कपाळ पुसत राहिल्या. रंगुबाईंनी कोपरानं ढोसलं.

"बनाबाई, रांगोळी घेऊन बसलेय मी," काकी म्हणाल्या. "सांगा."

आत्यांनी फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाल्या, "वैनी, जेवलासा का?"