बर्फातून आलेला तिसरा आकडा

मी एक जुना मॉनिटर आहे, हृदयाचं काम मोजणारा. मित्रांनो, सध्या मी इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांशेजारी उभा आहे. माझ्या कपाळावर चिकटपट्टी लावून 'नादुरुस्त' असं लिहिलंय. हे धादांत खोटं आहे, आणि ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

कारखान्यात मला एकच विद्या शिकवली गेली. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे ढकलतं, ते सांगायचं. रीत सोपी आहे. रोग्याच्या मानेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून बर्फात ठेवलेलं सलाईन झटकन सोडतात. रक्त जोरात वाहत असेल तर गारवा लगेच धुऊन जातो, मंद असेल तर रेंगाळतो. त्यावरून मी हिशेब करतो. पण सलाईनच कोमट झालं तर मी फसतो. दमलेलं हृदयही मला धडधाकट वाटतं.

एके काळी माझा काय थाट होता! ऑपरेशन चालू असताना मोठे सर्जन मान वर न करता विचारायचे, "आपले साहेब काय म्हणतात?" साहेब म्हणजे मी. मी सांगेन त्यावर औषध कमीजास्त व्हायचं.

मग तो बसचालक आला. हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याला अतिदक्षता विभागात आणलं आणि भूल देणारे डॉक्टर माप घ्यायला उभे राहिले. गृहस्थ हुशार, पण बोलायला लागले की आवरायचे नाहीत. त्यांनी दोन सिरिंज बर्फातून काढल्या, मुठीत धरल्या आणि सिस्टरना नव्या गाडीचं कौतुक सांगत बसले. अहो, मग बर्फ हवा कशाला? मला तोंड असतं तर मी खेकसलोच असतो.

पहिली सिरिंज सोडली. मी म्हणालो, पाच लिटर, म्हणजे ठणठणीत. दुसरीलाही तेच. तिसरी मात्र थेट बर्फातून आली, आणि मला खरं दिसलं. जेमतेम तीन!

"हे काय मधेच?" डॉक्टर म्हणाले. "दोन जुळतायत ना? हा काढून टाका."

आणि खरा आकडा पुसला गेला. का, तर तो एकटा होता!

थोड्या वेळाने बसचालकाची बायको भेटायला आली. तिने नवऱ्याची पावलं हातात धरली. "डॉक्टर, यांचे पाय गार पडलेत हो."

"काकू, ऑपरेशननंतर होतं असं. हे बघा, पाच लिटर! काळजीच सोडा."

तिने माझ्याकडे बघितलं आणि सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास मला आजही सहन होत नाही.

हृदयाभोवती रक्त साचून ते आवळलं जात होतं. संध्याकाळी रक्तदाब कोसळला, तेव्हा धावपळ झाली. सर्जननी छाती पुन्हा उघडली, पण उशीर झाला होता. बसचालक गेला.

"मशीनने दगा दिला, काकू," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले.

ती दारातून माझ्याकडे बघत राहिली. "एवढं मोठं यंत्र, आणि पाय गार पडलेत एवढंही त्याला कळू नये?"

रक्त पायांपर्यंत पुरेसं पोचत नाहीये, हे कळलं होतं, बाई. मी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने मला उलटंपालटं करून तपासलं. "यात काहीच बिघाड नाही, साहेब."

"असू दे. नवीन येतंय," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्या हाताने ही पट्टी चिकटवली. आता नवीन मॉनिटर आलाय, आणि सिरिंज तशाच मुठीत गरम होतायत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकू नका, मला दया नको. तुम्ही मोठे होऊन डॉक्टर व्हाल तेव्हा न जुळणारा आकडा पुसण्याआधी रोग्याच्या पायाला हात लावा. आणि तुमच्यापैकी कुणाला ती बाई भेटली, तर तिला एवढं सांगा की गार पायांबद्दल तिचं म्हणणं बरोबर होतं. हे तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही.