आधीच चढवलेला आहेर

हा नान बघा, आत्ता भट्टीतून काढलाय, अजून हाताला चटका बसतोय. ह्याच्यावर हात ठेवून सांगते, पुढं जे सांगणार त्यातला शब्द न् शब्द खरा! खोटा निघाला तर माझी जीभ झडो, माझ्या गाईचं दूध आटो आणि शेजारणीच्या गाईचं दुप्पट होवो. ह्याच्याहून मोठी शपथ मला येत नाही.

आपल्या नारीन गावाच्या वरच्या आळीत एसेनकुल राहायचा. उभा जन्म सरकारी हमामाचा, गरम पाण्याच्या न्हाणीघराचा, मुकादम होता. कोळसा सरकारचा, पाणी नदीचं आणि घाम लोकांचा. बाहेर नदी दगड होऊन पडलेली असायची आणि हा आत बनियनवर बसून कलिंगड खायचा. कुणी म्हणालं, "मुकादम, फार गरम होतंय," तर म्हणायचा, "मग खिडकी उघड की बाबा, ऊब काय संपते होय?" त्याच्या बायकोच्या, तुर्सुनायच्या वाट्याला त्या उबेतलं काय यायचं? ओल्या टॉवेलाचा वास!

मग मुकादम घरी बसला आणि विजेचं बिल त्याच्या नावानं यायला लागलं. झालं! ऊब संपते, हे त्याला त्याच दिवशी कळलं.

त्यात विजेचा दर वाढला. मर्यादेच्या वर गेलं की दुप्पट. कोळसाही महागला. घरोघर भांडणं होतीच, पण एसेनकुलनं त्याचा धर्मच केला. फाटकाबाहेरच्या खांबावर मीटर होतं आणि त्यात एक लाल दिवा लुकलुकायचा. वीज जास्त जळली की दिवा भराभर लुकलुकायचा. हा म्हातारा कानटोपी घालून, जाड लोकरी नमद्याचे बूट चढवून, बर्फात त्या दिव्यापुढं उभा राहायचा. इतक्या भक्तीनं तो मशिदीतही कधी उभा राहिला नव्हता. नाक लाल, मिशीला बर्फाच्या काड्या, आणि तिथूनच ओरडायचा,

"तुर्सुनाय! काय लावलंयस?"

"इस्त्री!"

"कशाला?"

"तुमच्याच शर्टाला!"

"राहू दे! सुरकुत्यांत ऊब धरते!"

तुर्सुनाय कपाळाला हात लावायची. बोलायला काही कमी नव्हती ती. "अहो, आत या. तुम्ही बाहेर गोठलात तर औषधाला जास्त लागेल."

"आत काय वेगळं आहे?" तो म्हणायचा. आणि ते मात्र खरं होतं. आत काही वेगळं नव्हतं. भट्टी पेटायची ती फक्त संध्याकाळी, तीही भट्टीची समजूत काढण्यापुरती. चहा ओतला की पहिला घोट गरम, दुसरा गार, तिसऱ्याला चमच्यानं ठोकावं लागे. घरातले उंदीर शेजारी बैतूरच्या घरी राहायला गेले, चांगले पोराबाळांसकट. मांजर त्यांच्या मागनं गेली, उंदरांसाठी नाही, उबेसाठी.

"उंदरांनासुद्धा कळतं," तुर्सुनाय म्हणाली.

"बरं झालं," एसेनकुल म्हणाला. "दार उघडं टाकायचे मेले."

असं चाललेलं असताना जिपारचं जमलं. जिपार त्यांची धाकटी, दवाखान्यात नर्स. मुलगा उरमात, बाप-लेक मिळून बिश्केक शहराला जाणारी प्रवासी व्हॅन चालवायचे. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, मुलाचा बाप कुबानिचही राजी. राजी नव्हती ती मुलाची आजी, अनारकान. तिला स्वतःच्या माहेरची मुलगी आणायची होती. पण त्या घरात डूल घालायचा मान तिचा. मुलीच्या कानात तिनं डूल घातले की ठरलं, न घालता उठली की मोडलं. मधलं काही नाही.

जिपारनं आईला चुलीपाशी गाठलं. "आई, आजी डूल घालायला येत नाहीये, खोट काढायला येतेय. एक सापडली तरी डूल पदरात बांधून परत जाईल. बाबांना सांग, एक दिवस. एकच दिवस घर गरम ठेवा म्हणावं. जन्मभर परत काही मागणार नाही."

तुर्सुनायनं नवऱ्याला जेवणावर धरलं. "पाहुण्यांची खोली सकाळपासून तापवायची. भट्टी पण आणि विजेची शेगडी पण. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"तापवतो की," एसेनकुल म्हणाला. "मी काय राक्षस आहे?"

तो इतक्या पटकन हो म्हणाला तिथंच तिनं ओळखायला हवं होतं. पण मेंढी कापायची, कणीक मळायची, तिचे फुगीर बोरसोक तळायचे. बाई दिवसभर अंगणातल्या चुलीपाशी. खोलीत डोकवायला तिला वेळ कुठला? दुपारी तिनं दार ढकललं तर आत तिच्या श्वासाची वाफ दिसली.

"अहो! हे काय?"

"ऐक," एसेनकुल खालच्या आवाजात म्हणाला. जगाला अक्कल शिकवायची असली की तो असाच बोलायचा. "माणूस म्हणजे चालती शेगडी. हमामात मी उगाच म्हातारा झालो का? सात-आठ जणं येणार, चांगली खाल्लेली, अंगानं भरलेली. दार लावलं की घटकेत खोली तापते. आपण आधीच तापवली तर त्यांची ऊब फुकट जाईल."

तुर्सुनायनं त्याच्याकडं असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी पेटला असता आणि खोली तापली असती. पण फाटकाशी भोंगा वाजला. पाहुणे आले होते.

पाहुण्यांनी रीतीप्रमाणे बूट काढले, जाडे कोट काढले, सगळं दाराशी ठेवलं. अनारकानला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागेवर बसवलं. ती जागा उत्तरेच्या भिंतीला टेकून होती, म्हणजे जेवढा मान तेवढी थंडी. म्हातारी बसली, हात बाहीत ओढून घेतले, छताकडं बघितलं.

"व्याही, घर नवीन बांधताय का?" तिनं विचारलं.

"नाही हो विहीणबाई, वडिलांचं आहे."

"अस्सं. मला वाटलं छप्पर राहिलंय."

कुबानिच उगाच खोकला. एक मावशी दुलई ओढून गुडघ्यावर घेऊ लागली, तर दुसरीनं ती परत ओढली. चहा आला. "चहात बर्फ घालायची पद्धत छान आहे," अनारकान म्हणाली. जिपार मान खाली घालून पेले भरत होती. तिचे कान लाल झाले होते, लाजेनं की गारठ्यानं कोण सांगणार. त्याच कानांचा तर निकाल लागायचा होता.

तुर्सुनायनं नवऱ्याची नजर चुकवून विजेची शेगडी दुलयांच्या थप्पीआडून ओढली आणि खटका दाबला. मग ती मटण काढायला अंगणात पळाली. शेगडीची तार नुसती गुलाबी व्हायला लागली होती. एसेनकुलची नजर खिडकीतून फाटकाबाहेर गेली. लाल दिवा पिसाळलेल्या कुत्र्यासारखा लुकलुकत होता. त्यानं पाय लांब केल्यासारखं करून अंगठ्यानं खटका बंद केला.

अनारकानला ते दिसलं. तिला काय दिसत नव्हतं!

"व्याही, पायाला गोळा आला वाटतं?"

"हो, जरासा."

"मला दोन्ही पायांना आलाय."

माणसांची ऊब काही पसरेना. चांगली खाल्लेली होती, पण ऊब आपापल्याजवळच ठेवून बसली होती. एसेनकुललाही कळलं की काहीतरी करायला हवं. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात ते आलं. इतकं बिनखर्चाचं की त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं! कोपऱ्यातल्या पेटीत आहेराचे झगे होते. जाड, कापूस भरलेले, व्याह्यांसाठी मुद्दाम शिवून आणलेले. ते तर द्यायचेच आहेत. मग आत्ताच का नको? वीज शून्य, पाहुणे उबदार!

त्यानं पेटी उघडली. एकेकाला उठवलं आणि झगा चढवला. कुबानिचच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, मावश्यांना शाली दिल्या. अनारकानच्या अंगावर मखमली झगा घालून म्हणाला, "घ्या विहीणबाई, आता काही गार लागायचं नाही."

आता आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की आहेर कधी चढवतात. मटण खाऊन झालं, सूप पिऊन झालं, घोड्यावर बसायची वेळ झाली की मग. अंगावर आहेर चढला म्हणजे निरोप झाला. आणि आहेर अंगावर घेऊन पुन्हा त्या घरात बसायचं नाही, पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. एसेनकुलला हे माहीत नव्हतं का? होतं की! पण डोक्यात लाल दिवा लुकलुकत असताना बाकी काय सुचणार?

तुर्सुनाय मटणाची परात घेऊन आली. वाफ निघत होती, त्या घरातली एकुलती एक. बघते तर सगळे पाहुणे आहेर घालून उभे, आणि अनारकान बूट चढवतेय.

"विहीणबाई! मटण..."

"कळलं आम्हाला, विहीणबाई," अनारकान म्हणाली. आवाज खोलीपेक्षा गार. "न जेवता वाटेला लावलेलं ह्या वयापर्यंत बघितलं नव्हतं. तेही बघितलं. झगा छान आहे."

आणि निघाली. मागनं सगळे निघाले. कुबानिच तेवढा दाराशी घुटमळला, पण आईपुढं त्याचं काय चालणार? उरमातनं जिपारकडं बघितलं आणि तोही बाहेर गेला. एसेनकुल रिकाम्या पेटीपाशी उभा. "अरे, बसा की! आता तर ऊब यायला लागली होती!"

तुर्सुनायनं परात जमिनीवर आपटली. मटणावरच्या चरबीचं तिथल्या तिथं मेण झालं. "तुमच्या मीटरला आग लागो!" ती म्हणाली. "निदान त्यानं तरी शेक मिळेल!"

पण तिच्या आधी जिपार पळाली होती. डोक्यावर रुमाल, पायात घरातले मोजे, हातात पाहुण्यांचे हात धुवायची झारी तशीच. अंगणातून, बर्फातून, थेट व्हॅनपाशी. उरमातनं गाडी चालू केली होती. तिनं दार सरकवलं आणि आतली गरम हवा तिच्या तोंडावर आली.

"आजी, थांबा!"

"काय थांबा? निरोप झाला आमचा."

"तो निरोप नव्हता आजी, ती कंजूषी होती! बाबांना शेगडी लावायला नको, म्हणून तुम्हाला कपडे घातले. मला सांगा, त्या घरात मी लहानाची मोठी झाले. तिथून सुटायची वाट बघत बसलेय. आणि तुम्ही घटकाभर बसलात तर पळून निघालात! माझं काय?"

म्हातारीनं तिच्या हातातल्या झारीकडं बघितलं. झारीतलं पाणी हलत नव्हतं, गोठलं होतं. मागनं तुर्सुनाय धापा टाकत आली. लेकीच्या शेजारी उभी राहिली. बोलण्यासारखं सगळं लेक बोलून बसली होती.

"खोट आहे घरात," अनारकान म्हणाली.

"आहे," जिपार म्हणाली. "त्याचं नाव एसेनकुल. ती मी आणणार नाही बरोबर."

म्हातारीच्या ओठाचा कोपरा हलला. "आहेर चढलाय, त्या घरात पाय टाकता येत नाही मला. मग तूच आत ये. पोरी, दार लाव, ऊब जातेय. आणि तुझ्या बापाला बोलवा. बापाच्या आशीर्वादाशिवाय डूल घालता येत नाहीत, नाहीतर त्याला बोलावलंच नसतं."

एसेनकुल आला. कुठून? मीटरपाशी उभा होता! व्हॅनमध्ये चढला, मध्ये दाटीवाटीनं बसला. त्याच्या मिशीतनं पाणी ठिबकायला लागलं. अनारकाननं चांदीचे डूल काढले, जिपारचे कान चोळून गरम केले आणि घातले. "हं व्याही, आशीर्वाद."

एसेनकुलनं तळहात पुढं केले. ओठ हलवले. डोळे मिटले. सगळे हात पसरून थांबले. हमाम सुटल्यापासून एवढी ऊब त्याच्या अंगाला लागली नव्हती. म्हाताऱ्याचा चेहरा लोण्यासारखा पातळ होत गेला. बराच वेळ गेला. मग डोळे न उघडता तो उरमातला म्हणाला,

"जावईबापू, जरा वाढवा की हीटर."

अनारकान अशी हसली, अशी हसली, की तिचा पुढचा सोन्याचा दात उडून झारीत पडला. "व्याही," ती म्हणाली, "डिझेलचं मीटर माझ्या मुलाच्या खिशात आहे! आधी आशीर्वाद द्या, मग वाढवू!"

दिला. कधी नव्हे तो लांबलचक दिला, कारण संपला की उतरावं लागलं असतं. पण तुर्सुनायनं उतरवलंच. ती स्वतः घरात जाऊन परात घेऊन आली, विहिणीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मटण तुमच्याकडं गरम करून खाऊ. आणि मी लग्नापर्यंत तुमच्याकडंच राहते. पोरीचे कपडे शिवायला बोटं वळली पाहिजेत."

"या की विहीणबाई," अनारकान म्हणाली.

"आणि माझं काय?" एसेनकुल रस्त्यावरून ओरडला.

"तुम्ही चालती शेगडी!" तुर्सुनाय म्हणाली. "पुरते एका माणसाला!"

व्हॅन गेली. एसेनकुल तिथंच राहिला, खांबाखाली. घरात कुणी नव्हतं, काही चालू नव्हतं. लाल दिवा इतका हळू लुकलुकत होता की विझला की काय असं वाटावं. आणि काय सांगू, तो मूर्ख खूश होता! लग्न वसंतात झालं, तोवर सबंध हिवाळा एकटाच कुडकुडत काढला त्यानं, आणि भेटेल त्याला दिव्याचं कौतुक सांगायचा.

असं झालं बघा. नान अजून हातात आहे, म्हणून एवढं कबूल करते: तो सोन्याचा दात उडाला, तो मी उडवला. अनारकानचे दात शेवटपर्यंत पक्के होते.