डावीकडे चालणारा पेंटर

माझ्या भावाला शहाणपण सुचलं की माझं डोकं फिरतं. या वेळी त्यानं माझी निम्मी चित्रं गेममधून उडवली आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही.

गेम आमच्या दोघांचा. चित्रं माझी, प्रोग्रामिंग त्याचं. नायक म्हणजे आमचे बाबाच: दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडलेला, म्हणून ब्रश डाव्या हातात. खऱ्या माणसासारखा गुळगुळीत पुतळा मला नको होता. कागदावर शाईनं काढलेला माणूस हवा होता, रेषा कुठे जाड, कुठे बारीक. त्याचं प्रत्येक पाऊल मी दोनदा काढलं, उजवीकडे जाताना वेगळं, डावीकडे जाताना वेगळं. वर्ष घातलं त्यात.

"ताई, सगळे तेच करतात," तो खुर्चीतून न हलता म्हणाला. "फोनवर गेम अडखळत होता. उजवीकडची चित्रं आरशासारखी उलटवली की डावीकडची तयार. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आपल्या बापाला कळेल. पेंटर वळला की लुळा हात उजव्याचा डावा होतोय. डोळे फुटले का तुझे?"

"तुझं कायम रडगाणं."

"आणि तू कायमचा कामचुकार."

गेम विकणाऱ्या कंपनीकडे तो आजच पाठवायचा होता. मी म्हटलं, बाबांनाच विचारू. त्यांनी नाक मुरडलं तर माझी चित्रं परत घालायची, नाहीतर खुशाल पुसून टाक. मला खात्रीच होती.

बाबा येऊन बसले. फोन टेबलावर ठेवून डाव्या अंगठ्यानं त्यांनी पेंटरला उजवीकडे चालवलं, मग वळवलं. ब्रश उजव्या हातात आला. बाबा थांबले. आता खा शिव्या, असं मी भावाकडे बघितलं. पण बाबा पेंटरला डावीकडेच चालवत राहिले. रस्ता संपला, भिंत लागली, तरी बटण सोडेनात.

"बाबा, ते चुकलंय," मी म्हटलं आणि त्याच फोनवर माझी चित्रं लावली. "यात दोन्हीकडे हात बरोबर आहे."

त्यांनी पेंटरला वळवलं. उजवा हात लुळाच. त्यांनी फोन माझ्याकडे ढकलला.

"माझा मेलेला हात दोन्ही बाजूंनी काढायची एवढी कसली हौस गं तुला?"

"आहे तसं काढलंय मी."

"आहे तसं मी रोज अंघोळीला बघतो. याचं राहू दे."

भाऊ खुशीत आला. त्या गाढवाला वाटलं, फोन अडखळत नाही म्हणून बाबा खूष आहेत.

"मग तुझी पुसू?" त्यानं विचारलं.

त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

"पूस," मी म्हटलं, आणि बाबांनी फोन परत मागितला.