मिस्त्रीचं नाक

उद्यमनगरात मृत्युंजय मिस्त्रीच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. गाडीत गॅस कुठून गळतोय हे तो नुसता वाकून, हुंगून सांगायचा. बाकीचे हातावर पोट भरतात, हा नाकावर भरतो, असं लोक म्हणायचे. ते नाक कोरोनाच्या तापात ठार मेलं, हे मात्र फक्त त्याच्या बायकोला, शांतव्वालाच ठाऊक होतं. काम संपत आलं की ती घरातून चहा घेऊन यायची. वास असला तर पदर नाकाला लावायची, नसला तर तशीच उभी राहायची. मग मिस्त्री हुंगल्याचं सोंग करून निकाल द्यायचा. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. पोट कसंही भरता येतं. नावाची भूक फार वाईट.

दोन महिन्यांपूर्वी शांतव्वा झोपेतच गेली.

त्यानंतर गॅसचं पहिलं काम आलं ते हंबीररावांचं. एसटीतून निवृत्त झालेले हे ड्रायव्हर. एक जुनी मिनीबस घेऊन त्यांनी तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी आणि खाली गॅसची टाकी. जन्मभर परक्यांना फिरवलं, आता बायकोला गोकर्ण दाखवायचं, म्हणून दोघं निघाली होती, तर टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला.

मृत्युंजयनं व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या दांड्यावरची झिजलेली रबरी रिंग बदलली. जुनं पितळ हटून बसलेलं, म्हणून पाना जोर लावून मारला. त्या जोरात व्हॉल्व्हच्या पुढचा, शेगडीकडं जाणाऱ्या नळीचा जोड सैल झाला, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. व्हॉल्व्ह उघडून साबणाचं पाणी सगळीकडं लावलं असतं तर बुडबुड्यांनी चहाडी केली असती. पण हंबीरराव शेजारी उभे होते, आणि नाकवाल्या मिस्त्रीला फेस लागतो हे त्याला दाखवायचं नव्हतं. त्यानं नुसता व्हॉल्व्ह उघडला, वाकला, हुंगलं आणि काम झालं म्हणाला.

निघण्याआधी गाडीची पूजा करायची म्हणून हंबीररावांची बायको, संयोगिता, नारळ आणि कापूर घेऊन पुढं आली. वास अजून येतोय, असं ती म्हणाली. मघाचा साचलेला असेल, मिस्त्रीनं सांगितलं. एवढ्या नावाजलेल्या नाकापुढं तिनं आपलंच नाक खोटं मानलं आणि काडी पेटीला लावली.

मृत्युंजयनं झडप घालून तिचं मनगट धरलं.

"काडी वढू नका, वैनी," तो म्हणाला. "मला वास येत न्हाय. चार वर्सं झाली."

त्यानं हात लांबवून व्हॉल्व्ह बंद केला. तिघांनी मिळून गाडी ढकलत मोकळ्या वाऱ्यावर नेली. मग त्यानं खाली मान घालून शांतव्वाचं सगळं सांगून टाकलं. हंबीरराव संतापले. चार वर्षांत किती घरं उठली असती, याचा हिशेब कोण देणार होतं, असं त्यांनी विचारलं. ते चुकीचं बोलत नव्हते, आणि मृत्युंजयला शरमेनं मान वर करवेना. रागारागानं ते फोन काढून दुसऱ्या मेकॅनिकला बोलवायला रस्त्याकडं गेले.

संयोगिता तिथंच राहिली. तिनं काड्यापेटी खाली ठेवली.

"ती गेल्यावर तरी ह्ये काम सोडायचं की, आण्णा," ती म्हणाली. "कशापायी उघडलासा दुकान?"

मृत्युंजयनं पाना उचलून फडक्यानं पुसायला घेतला.

"घरात बसवंना, वैनी," तो म्हणाला. "हितं काम चालू असलं की ती घरात हाय असं वाटतंय."